लेकीच्या गळ्यातली साखर

माझ्या लेकीची मान काळी पडायला लागली, तेव्हा मी पहिलं भांडण केलं ते कापडावरून. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी कटिंगला आहे. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. कुठल्या शाळेची कॉलर कुठल्या रंगाची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. लेकीच्या शाळेची कॉलर गडद निळी. दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी वेणी घालताना तिच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळपट पट्टा दिसला, बरोबर कॉलर टेकते तिथे. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की रंग उतरतोय.

शर्ट पिशवीत घालून कारखान्यात नेला आणि मालकांच्या टेबलावर टाकला. "असलं कापड आणता, लेकरांच्या अंगाला लागतंय ते," म्हणून चार बायकांसमोर बोलले. मालक तसे भले. त्यांनी कॉलर बादलीत भिजवली, साबण लावला, पांढऱ्या फडक्यावर घासून दाखवली. फडकं पांढरंच राहिलं. मशीनवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "ताई, रंग पक्का आहे. पोरगी नीट आंघोळ करती का तेवढं बघा," मालक म्हणाले. दिवसभर माझी कात्री रागातच चालली.

घरी सासूबाईंनीही तेच ठरवलं होतं. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्यात सासूला तसंच म्हणतात. गाव टेंभुर्णीच्या पुढं, पण दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. "मळ हाय गं त्यो. तू कामावर, पोरीच्या अंगाकडं बघतंय कोन?" त्या म्हणाल्या. मग पाणी येण्याच्या दिवशी मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन नातीला बसवायच्या. बेसन, लिंबू, हळद. तेवढ्यानं काही होईना म्हणून टाचा घासायची वजरी घेतली. पोरगी ओरडायची. मान लाल व्हायची, सोलवटायची, आणि लाली ओसरली की खालून तोच पट्टा पुन्हा वर.

त्याच सुमारास तिचा शर्ट काखेत उसवला. नवा बेतायला घेतला तर पाचवीतल्या पोरीला आठवीच्या मापाचा फर्मा लागला. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "खात्यापित्या घरची हाय की, चांगलंच हाय." मलाही क्षणभर बरंच वाटलं. लहानपणी मला नेहमी दोन वर्षं लहान पोरांचे कपडे व्हायचे, आणि त्याची लाज माझ्या आईला वाटायची.

खरं काय ते कळलं खोकल्यामुळे. थंडीत लेकीला खोकला झाला म्हणून लेकरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीला नळी लावताना तिची वेणी बाजूला सारली आणि तिथेच थांबले. "हे कधीपासून आहे?" मी रंगाची आणि मळाची सगळी कथा सांगितली. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी तिचे हात वर करायला लावून काखा पाहिल्या, तिथेही तसंच होतं. मग पोरीला बाहेर काचेच्या पेटीतले मासे बघायला पाठवलं आणि मला सांगितलं की हा मळ नाही, घासू नका. अंगात साखर पचवायला जे इन्सुलिन लागतं, ते शरीर जास्त जास्त तयार करतंय आणि तरी पुरत नाहीये, तेव्हा काही मुलांच्या मानेवर असं दिसतं. घरात कुणाला साखर आहे का? मी म्हणाले, आजीला आहे.

रक्त तपासलं. साखर अगदी काठावर होती. "गुढीपाडव्यानंतर परत तपासू," डॉक्टर म्हणाले. "तोवर साखर, बिस्किटं, पाकिटातला ज्यूस बंद. रोज तासभर पळू दे. काठावरून मागं आली तर उत्तम. पुढं गेली तर गोळी सुरू करावी लागेल." दहा वर्षांची पोरगी बाहेर काचेच्या पेटीतले मासे मोजत होती. मला वाटलं, पाडव्याला भरपूर वेळ आहे. आपल्याच घरातली साखर आपल्याच हातात, त्यात काय अवघड?

आमच्या घरातली साखर म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. सासूबाई साखर कारखान्याच्या सभासद आहेत. शेअर त्यांच्या नावावर. दरवर्षी दिवाळीला सभासदांना कमी भावात साखर मिळते आणि गावाकडून कुणाच्या तरी जीपमध्ये पोतं येतं. ते आमच्या घरात दिवाणाखाली असतं. पाहुणा आला की सासूबाई त्या पोत्याकडे एकदा बघतातच. त्यांच्या लहानपणी घरात साखर यायची ती फक्त पाहुण्याच्या चहापुरती. पाहुण्याच्या कपाच्या तळाशी राहिलेला गोड गाळ चाटायला भावंडांची भांडणं व्हायची, हे त्या हसत हसत सांगतात. सासरे सभासद झाले आणि पहिलं पोतं घरात आलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला बोलावून चहा पाजला होता. आता त्यांना स्वतःला ते खाता येत नाही. फिक्का चहा पितात, सकाळ-संध्याकाळ गोळी घेतात. लेकीच्या जन्मानंतर त्यांनी शेअरला वारस म्हणून तिचंच नाव लावलं. "माज्या मागं साखर हिचीच. हिच्या लग्नात इकत आनायची न्हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

अशा घरात मी साखर बंद करायला निघाले होते.

सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी शिऱ्यात गूळ घातला. दुधात गूळ, पोळीला गूळ, जेवल्यावर तोंडात गुळाचा खडा. मी बोलले तर म्हणाल्या, "साखर बंद म्हनलीस की तू. गूळ कुटं म्हनलीस?" "अहो आत्या, दोन्ही एकाच उसातून निघतं!" "गूळ औषिदी असतोय. बाळंतिणीला देत्यात, तिचं काय वाईट हुतंय व्हय?" आयुष्यभर उसात राबलेल्या बाईला ऊस मी शिकवायचा?

नवरा चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला. आठवड्यातले निम्मे दिवस तो येतो तेव्हा लेक झोपलेली, उठते तेव्हा तो झोपलेला. जागेपणी भेट झाली की त्याच्या खिशातून चॉकलेट निघायचं. लहानपणापासूनचं ठरलेलं. तिनं खिसा चाचपायचा, त्यानं नाही नाही म्हणायचं. मी डोळे वटारले की म्हणायचा, "एकानं काय होतंय?" मी म्हटलं, "अहो, पेरू आणा, शेंगा आणा." एकदा त्यानं खरंच पेरू आणला. तिनं खिसा चाचपला, पेरू हाताला लागला आणि तिनं हात काढून घेतला. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या वेळी परत चॉकलेट.

एकानं काय होतंय, हे वाक्य मी त्या हिवाळ्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की नंतर नंतर ते सुरू व्हायच्या आधीच मी तिथून उठायला लागले. वर्गात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, बाई स्वतः चॉकलेटं वाटायला लावायच्या. खालच्या मजल्यावरचे दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या हातावर ठेवायचे. संक्रांतीला तर प्रत्येक घरातून तिळगूळ, आणि नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड वाकडं. दूध प्यायला मी मोठ्या हौसेनं ताकदीची पावडर आणत होते. त्या डब्यावर उड्या मारणारी पोरं होती. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, तर सुरुवातीलाच साखर. ज्या नाश्त्याला मी पौष्टिक समजत होते, त्याच्यातही साखर. पाव, सॉस, पोह्यांवर टाकायची शेव, सगळ्यांची पाठ वाचत मी दुकानात उभी राहायचे आणि मागून लोक म्हणायचे, "ताई, घ्यायचं असलं तर घ्या की."

मी हरले नव्हते अजून. पहाटे उठून मटकीची उसळ, नाचणीची धिरडी, ज्वारीच्या पिठाचे वडे करायचे. डबा जसाच्या तसा परत यायचा. शेजारच्या पोरी जॅमची पोळी खातात, नूडल्स खातात, हिच्या डब्याचा वास येतो म्हणतात. एकच गोष्ट तिला आवडली, कडक भाकरी. ती दह्यात कुस्करून वर शेंगाची चटणी घातली की पोरगी बोटं चाटून खायची. आठवडाभर मी खुशीत होते. रोज संध्याकाळी तिला घेऊन मैदानात जायचे. दोन फेऱ्यांत ती धापा टाकायची, मोठी पोरं "ए बुलडोझर" म्हणायची आणि ती माझ्याकडे बघायची. त्यांच्या आयांना गाठून मी भांडले. त्यानंतर ती मैदानावर यायलाच तयार होईना.

मग एक दिवस तिच्या कंपासपेटीत साखर सापडली. पेन्सिलीला टोक करायला म्हणून उघडली होती. वहीच्या कागदाची छोटी पुडी, औषधाची असते तशी घडी घातलेली, आणि आत दिवाणाखालच्या पोत्यातली जाड साखर. मी विचारलं तर ती लगेच रडायला लागली. "मम्मी, मला भूकच लागते गं. जेवले तरी लागते." मी तिला मारायला उचललेला हात तसाच राहिला. ती खोटं बोलत नव्हती, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, की या पोरांना भूक जास्त लागते. जी भूक खरी आहे तिला मी काय शिक्षा करणार होते?

पण राग कुठेतरी जायलाच हवा होता, तो सासूबाईंवर गेला. पोत्याची शिवण कुणी सोडली, पुडी बांधायला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मीच दिली. लेकरू उपाशी साळंत जातंय. तिच्या तोंडात गेलं की माज्या तोंडात गेल्यावानी वाटतंय मला." मी ओरडले, "तुमचं बोट गेलं, आत्या! पाय कापायची वेळ आली होती! तिचंही तसंच व्हायला पाहिजे का तुम्हाला?" पोरगी कंपासपेटी छातीशी धरून दारात उभी होती. सासूबाईंनी पाय हळूच लुगड्यात ओढून घेतला. मी बोललेलं परत घेतलं नाही, आणि आजही घेणार नाही.

त्याचा उपयोग झाला असं मला वाटलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी पोत्याला हात लावला नाही. उलट पाडवा जवळ आला, तसं त्याच म्हणाल्या, "औंदा गाठीचं काय करायचं?"

आमच्याकडे शिमग्यापासून पाडव्यापर्यंत लेकरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. पांढऱ्या, गुलाबी पदकांची माळ. आजोळाहून येते, मामा आणतो, शेजारचेही घालतात. पोरं ती दिवसभर मिरवतात आणि कुरतडत कुरतडत संपवतात. मी कारखान्यातून पक्का दोरा आणला, आणि मखाणे, खजूर, भाजलेल्या शेंगा ओवून माळ करायची ठरवली. सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्यांना सुई दिसेना, मी ओवून दिली. खजुराच्या बिया काढत त्या म्हणाल्या, "मला न्हाय कळलं गं. मला वाटायचं, माजं वय झालं म्हनून मला झालं. लेकराला कसं हुईल?" आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते पहिलंच काम असेल. माळ छान झाली होती. मध्ये पदक म्हणून एक अख्खी खारीक.

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब वाटला, लेकीच्या गळ्यात माळ घातली. नवीन फ्रॉकमध्ये ती आरशासमोर फिरली आणि शेजारी दाखवायला पळाली. मी पुरण न घालता भाज्यांची पोळी करत होते. मला त्या सकाळी फार हलकं वाटत होतं. चाचणी चार दिवसांवर होती आणि मला खात्री वाटत होती की आपण काठावरून मागं आलो.

ती परत आली तेव्हा दारातच थांबली. माझ्या माळेवर चार गाठी होत्या. एक गुलाबी, तीन पांढऱ्या, एक तर पोटापर्यंत लोंबणारी. शेजारच्या पद्मशाली काकू तिच्या मागोमाग आल्या होत्या. भल्या बाई, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसलेल्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "सणाच्या दिवशी लेकराच्या गळ्यात साखर नाही, बघवेना आम्हाला. काही अडचण असेल तर सांगायचं की आम्हाला." त्यांना वाटलं होतं, आमची गाठी आणायची ऐपत राहिली नाही. त्यांनी पूर्ण मजल्यावर सांगितलं होतं, आणि प्रत्येक घरानं लेकराची कीव करून एकेक गाठी घातली होती. नवऱ्याची नोकरी गेली का, असंही कुणी लेकीला विचारून घेतलं होतं.

उन्हानं तिला घाम आला होता. साखर विरघळून मानेला चिकटली होती. वेण्या वर बांधलेल्या असल्यामुळे मागचा काळा पट्टा उघडा होता आणि त्याच्यावर पांढरे कण. मी गाठी काढायला हात पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी त्या मुठीत धरल्या. तेवढ्यात सासूबाई उठल्या, लंगडत आल्या आणि म्हणाल्या, "काढ बाळा, आजीचं ऐक." लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी तिला घराबाहेर काढलं. "आजी, तू पण?" एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. सासूबाईंचा हात खाली आला. "आजच्या दिस ऱ्हाऊ दे गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. काकू दारात उभ्या होत्या. पोळी तव्यावर करपली होती, ती काढायला मी आत गेले. बाहेर तिच्या दातांखाली साखर फुटल्याचा आवाज येत होता.

चार गाठींनी काही झालं नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनीच सांगितलं की ही तपासणी एका दिवसाची नसते, मागच्या तीन महिन्यांची असते. तीन महिन्यांतला गूळ, खिशातली चॉकलेटं, वाढदिवस, पुड्या, सगळं त्यात आलं होतं. साखर काठाच्या पुढं गेली होती. "तुम्ही प्रयत्न केलात," डॉक्टर म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी एकटीनं केले. सगळी दुनिया एकीकडे आणि माझी कडक भाकरी एकीकडे. त्यांनी गोळी लिहून दिली. रोज, जेवणाबरोबर.

गोळ्यांची पट्टी आणून मी जेवायच्या वेळी ताटापाशी ठेवली. सासूबाईंना वाचता येत नाही, पण पट्टी बघून म्हणाल्या, "माजी गोळी तिच्या ताटाला कशाला ठिवलीस?" "तुमची नाही, तिची आहे." त्यांनी आपल्या डबीतली पट्टी काढून शेजारी ठेवली. तोच रंग, तीच गोळी, फक्त हिची लहान. बराच वेळ त्या दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "साखर ठिवली हुती गं मी हिच्यासाठी."

लेक हात धुऊन आली आणि तिला दोन पट्ट्या दिसल्या. "आजी, आपल्या दोघींची सेम?" तिला आनंदच झाला. आजीच्या शेजारी मांडी घालून बसली, आजी घेते तशी गोळी जिभेच्या मागं ठेवली, मान वर केली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मग तिची नजर आजीच्या पायाकडे गेली. चार बोटं आणि एक रिकामी जागा. ती बघतच राहिली.

"मम्मी, माझं कुठलं काढणार?"

"नाही गं," मी म्हणाले. "तुझं कशाला काढतील?" डॉक्टर काय काय म्हणाले होते ते मला एकदम काहीच आठवेना. मी पुन्हा म्हणाले, "नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं आपला उजवा पाय पुढं घेतला होता आणि एकेक बोट धरून बघत होती.